इंग्लिश स्पीकिंगचा तास: गप्प बसलेल्या वर्गाला बोलतं करायचं कसं

ग्रामर येतं, वाचलेलं कळतं, पेपरात मार्कही बरे पडतात, पण "चला, आता इंग्लिशमध्ये बोला" म्हटलं की अख्खा वर्ग वहीत डोकं घालून बसतो, हे इंग्लिश शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने बघितलेलं असतं. मग बोर्डवर एक विषय पडतो, समजा पोल्युशन किंवा सोशल मीडिया, आणि सूचना येते की जोड्या करा आणि पाच मिनिटं डिस्कस करा. एक म्हणतो "पोल्युशन इज बॅड", दुसरा म्हणतो "येस, आय अ‍ॅग्री", झालं, उरलेला वेळ दोघं आपल्या भाषेत भलतंच काहीतरी बोलत बसतात. यात विद्यार्थ्यांना दोष देऊ नका प्लीज. दोघांना जे माहितीये ते सारखंच, दोघांचं मतही तेच, मग एकाने दुसऱ्याला सांगायचं तरी काय? एरवी आपण तोंड उघडतो ते काहीतरी हवं असतं म्हणून, माहिती हवी असते, समोरच्याचा होकार हवा असतो, किंवा आपलं म्हणणं त्याला पटवायचं असतं. अ‍ॅक्टिव्हिटीत ते कारणच नसेल तर कितीही रंगीत कार्डं छापा, बोलणं होत नाही.

त्यामुळे इथे पन्नास अ‍ॅक्टिव्हिटींची यादी मिळणार नाही. मोजक्याच घेतल्यात, पण त्या वर्गात मांडायच्या कशा, कुठे फसतात आणि फसल्या तर काय बदलायचं हे जरा सविस्तर लिहितोय, कारण गडबड बहुतेक वेळा मांडणीत असते, अ‍ॅक्टिव्हिटीत नसते.

आधी गॅप तयार करा

इंग्लिश शिकवण्याच्या पद्धतींचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, बंगलोर प्रोजेक्ट म्हणून तो ओळखला जातो, ग्रामरचे धडे एकामागून एक न शिकवता मुलांना सोडवायला टास्क द्यायचे आणि भाषा त्यातून येऊ द्यायची अशी त्यामागची कल्पना होती. त्यातून टास्कचे तीन प्रकार पुढे आले, इन्फर्मेशन गॅप, रीझनिंग गॅप आणि ओपिनियन गॅप. पहिल्यात माझ्याकडे एक माहिती आहे, तुझ्याकडे दुसरी, आणि काम पूर्ण करायला दोन्ही लागतात. दुसऱ्यात दिलेल्या माहितीवरून डोकं चालवून निष्कर्ष काढायचा. तिसऱ्यात मत, आवड, निर्णय. कुठलीही स्पीकिंग अ‍ॅक्टिव्हिटी समोर आली की मी आधी एवढंच बघतो की यात गॅप कुठे आहे. नसेल तर घालता येते का, आणि घालता येत नसेल तर ती अ‍ॅक्टिव्हिटी सोडून द्यावी.

इन्फर्मेशन गॅप सगळ्यात सोपी आणि अगदी ए वन लेव्हलपासून, म्हणजे एकदम नवशिक्यांपासून, चालणारी, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.

फरक शोधा हा प्रकार सगळ्यांना माहितीये, पण एक चित्र दोघांनी मिळून बघायचं असं केलं तर बोलायची गरजच उरत नाही, बोटाने दाखवलं की काम झालं. एका खोलीचं चित्र घ्या, त्याची दुसरी प्रत काढून त्यात ८ गोष्टी बदला, घड्याळातली वेळ वेगळी, मांजर खुर्चीखाली न ठेवता खिडकीत, दिवा बंद, असं. एक चित्र 'अ' ला, दुसरं 'ब' ला. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, ते जमत नसेल तर मध्ये एक फाइल उभी धरायला सांगा. आणि फरक किती आहेत तो आकडा आधीच सांगून टाका. ८ शोधायचेत हे माहिती असलं की ५ सापडल्यावर जोडी थांबत नाही, उलट खरी इंग्लिश शेवटच्या ३ फरकांसाठीच बाहेर येते, कारण मोठे फरक संपलेले असतात आणि आता "इज द डोअर ओपन इन युवर पिक्चर?", "हाउ मेनी बुक्स आर ऑन द शेल्फ?" असे नेमके प्रश्न विचारावेच लागतात. चित्र काढता येत नसेल तर नका काढू. त्याच खोलीची दोन वर्णनं सात-आठ वाक्यांत लिहा, थोडी माहिती बदला, काम तेवढंच छान होतं.

दुसरी मला फार आवडणारी म्हणजे ऐका आणि काढा. एकाकडे चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिला वर्णन करतो, दुसरा काढतो, आणि काढणाऱ्याने गप्प बसायचं नाही, प्रश्न विचारलेच पाहिजेत हा नियम. नवशिक्यांसाठी नुसते गोल, चौकोन, त्रिकोण पुरतात, "ड्रॉ अ स्मॉल सर्कल अबव्ह द स्क्वेअर" एवढ्यात दिशा, आकार, प्रीपोझिशन सगळं येतं. जरा पुढच्या वर्गाला रस्त्याचं किंवा पार्कचं चित्र द्या. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुठे गैरसमज झाला ते त्यांचं त्यांनाच दिसतं, आणि मग कोण काय म्हणालं आणि कोणी काय ऐकलं यावर जो वाद होतो तो पण इंग्लिशमध्येच होऊ द्या, तो वाद म्हणजे या अ‍ॅक्टिव्हिटीचा उत्तम भाग आहे.

वेळापत्रक पण असंच वापरता येतं. एकाच टाइमटेबलच्या दोन प्रती, दोन्हीत वेगवेगळ्या जागा रिकाम्या. किंवा तिघांना आठवड्याची तीन वेगळी कॅलेंडर द्या आणि तिघांना भेटायला एक तास शोधायला सांगा, त्यात एकाचा मंगळवार हलू शकतो, पण त्याला कोणी विचारलं तरच त्याने ते सांगायचं. ही दुसरी आवृत्ती खरं तर रीझनिंग गॅपकडे झुकते. प्रभूंनाही वर्गात रीझनिंग गॅपच जास्त उपयोगी वाटली होती, आणि त्याचं कारण समजण्यासारखं आहे, नुसती माहिती इकडून तिकडे दिली की काम संपतं, पण निष्कर्ष काढायचा म्हटलं की का, कसं, मग तर असं होणार नाही, अशी भाषा लागते.

अ‍ॅलिबाय

रीझनिंग गॅपसाठी एकच निवडायची तर मी अ‍ॅलिबाय निवडेन, म्हणजे गुन्हा घडला तेव्हा आपण दुसरीकडेच होतो हे सिद्ध करायचा खेळ. काल संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान एक चोरी झाली. दोघांवर संशय आहे आणि त्यांचं म्हणणं असं की आम्ही त्या वेळी एकत्र होतो. त्या दोघांना पाच मिनिटं बाहेर पाठवायचं, कुठे होतो, काय केलं, काय घातलं होतं, पैसे कोणी दिले, घरी कसे गेलो, सगळी गोष्ट जुळवून यायची. तेवढ्या वेळात उरलेला वर्ग पोलीस, त्यांनी गटागटात प्रश्न तयार करायचे. मग एकाला आत घ्या, चौकशी करा, नंतर दुसऱ्याला आत घेऊन तेच प्रश्न परत. जिथे उत्तरं जुळत नाहीत तिथे पकडलं. पास्ट सिंपल आणि पास्ट कंटिन्युअस इतक्या वेळा, इतक्या कारणाने वापरलं जातं की तेवढं वर्कशीटमध्ये कधीच होत नाही.

इथे एक अडचण येते ती सांगतो. तीस जणांचा वर्ग असेल तर दोघं बोलतात, चार हुशार पोलीस विचारतात आणि बाकीचे बघत बसतात. उपाय असा की संशयितांच्या जोड्या जास्त करा, म्हणजे वर्गात एकाच वेळी सहा चौकशा चालू, प्रत्येक गटात एक संशयित आणि चार पोलीस, सहा मिनिटांनी संशयितांची अदलाबदल. आवाज होईल, होऊ द्या. स्पीकिंगच्या तासाला वर्ग शांत असणं ही काळजीची गोष्ट आहे. फक्त शेजारच्या वर्गाला आधी कल्पना देऊन ठेवावी.

मत विचारायचं असेल तर निर्णय घ्यायला लावा

"व्हॉट डू यू थिंक अबाउट इट?" या प्रश्नाला "इट इज गुड" हे उत्तर पुरतं, म्हणून ओपिनियन गॅपमध्ये नुसतं मत विचारू नका, निवड करायला लावा. एका निर्जन बेटावर अडकलाय, १२ वस्तूंपैकी ५ च नेता येतील. किंवा नोकरीसाठी चार उमेदवार, प्रत्येकात एक उणीव, एकच घ्यायचा. आधी प्रत्येकाने एकट्याने निवडायचं आणि लिहून ठेवायचं, हे लिहिणं सोडू नका, नाहीतर जो पहिला बोलेल त्याचंच सगळ्यांचं मत होतं. मग जोडीत एकमत करायचं, मग दोन जोड्या मिळून चौघांनी परत एकमत करायचं. दर वेळी नवा माणूस पटवायला लागतो, आणि दर वेळी तोच मुद्दा थोडा जास्त नीट मांडला जातो. याला पिरॅमिड डिस्कशन म्हणतात आणि मोठ्या वर्गातसुद्धा हे छान चालतं.

लाजाळू वर्ग असेल तर फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेला थिंक-पेअर-शेअर हा साधा क्रम पकडा, आधी स्वतः विचार, मग शेजाऱ्याला सांगा, मग वर्गासमोर. सगळ्यांसमोर बोलायची वेळ येते तोपर्यंत वाक्य एकदा तोंडातून निघून गेलेलं असतं, त्यामुळे भीती बरीच कमी झालेली असते.

तयारीला वेळ द्या, आणि उत्तराची वाट बघा

परक्या भाषेत बोलताना डोक्यात एकाच वेळी केवढं काम चालू असतं याचा विचार करा, काय सांगायचं, त्याला शब्द कोणता, क्रियापदाचं रूप कोणतं, उच्चार कसा, आणि समोरचा बघतोय. यातलं थोडं ओझं आधीच उतरवलं तर बोलणं लगेच सुधारतं. पॉलीन फॉस्टर आणि पीटर स्केहान यांनी १९९६ मध्ये हेच तपासलं, टास्कच्या आधी १० मिनिटं विचार करायला दिली तर विद्यार्थी जास्त सलग बोलतात आणि वाक्यंही जास्त गुंतागुंतीची वापरतात असं त्यांना दिसलं. रोज दहा मिनिटं देणं शक्य नसतं, पण एक-दोन मिनिटं तरी द्याच. त्या वेळात मुद्दे लिहू द्या, अख्खी वाक्यं लिहू देऊ नका, वाक्यं लिहिली की मग ते बोलत नाहीत, वाचतात.

आणि प्रश्न विचारला की थांबा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तेच ३ सेकंद किंवा जास्त थांबलं तर उत्तरं लांब येतात, जास्त जण उत्तरं देतात, "माहीत नाही" कमी होतं. तो अभ्यास सायन्सच्या तासांचा होता, तेही स्वतःच्या भाषेत. परक्या भाषेत तर यापेक्षा जास्त थांबायला हवं. मनात सावकाश पाच मोजा. ती शांतता शिक्षकालाच जास्त टोचते, विद्यार्थी त्या वेळात वाक्य जुळवत असतो आणि आपण मध्येच दुसऱ्याचं नाव घेतलं की त्याने केलेली सगळी मेहनत वाया जाते.

चार-तीन-दोन

आता जी सांगतोय ती अ‍ॅक्टिव्हिटी मला विचाराल तर सगळ्यात मोलाची, आणि आश्चर्य म्हणजे सगळ्यात कमी वापरली जाणारी. कीथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये ही मांडली आणि पुढे पॉल नेशन यांच्यामुळे ती खूप ठिकाणी पोचली. साहित्य काहीच लागत नाही, फक्त घड्याळ.

सगळ्यांच्या जोड्या करा, 'अ' बोलणार, 'ब' ऐकणार. 'अ' ने एका विषयावर ४ मिनिटं बोलायचं. मग 'ब' बदलायचा आणि 'अ' ने तेच, अगदी तेच, नव्या माणसाला ३ मिनिटांत सांगायचं. परत 'ब' बदलायचा, तेच २ मिनिटांत. नंतर भूमिका बदला आणि 'ब' लोकांना बोलू द्या.

यात कळीच्या गोष्टी तीन आहेत आणि तिन्ही पाळल्या नाहीत तर मजा जाते. एक, विषय सोपा आणि ओळखीचा हवा, तुमचा एक चांगला मित्र, मागच्या सुट्टीत काय केलं, एखादी गोष्ट शिकताना आलेली अडचण. अवघड विषय दिला तर बोलणारा शब्द शोधत राहतो आणि वेग येतच नाही. दोन, ऐकणारा दर वेळी नवा हवा. तोच माणूस असेल तर "हे तर तुला सांगितलंच" म्हणून बोलणारा गाळायला लागतो, आणि ऐकणाऱ्यालाही काही नवीन नसतं. तीन, ऐकणाऱ्याने मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत, मान हलवायची, हसायचं, पण मध्ये बोलायचं नाही. (बाकी सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटींत मी प्रश्न विचारायला लावतो, इथे मुद्दाम नाही, कारण इथे फक्त फ्लुएन्सीवर, म्हणजे न अडखळता बोलण्यावर, काम चाललंय.)

पहिल्या फेरीत अडखळणं, थांबणं, "अं अं" खूप असतं. तिसऱ्या फेरीपर्यंत काय सांगायचं ते ठरलेलं असतं, शब्द सापडलेले असतात, त्यामुळे डोकं भाषेकडे लक्ष द्यायला मोकळं होतं आणि बोलणं वाहायला लागतं. चांगली गोष्ट अशी की हे विद्यार्थ्याला स्वतःला जाणवतं, कोणी सांगावं लागत नाही. नवशिक्यांना ४ मिनिटं फार होतात, त्यांना ३-२-१ द्या, अगदीच नवीन असतील तर २ मिनिटं, दीड आणि १. विद्यार्थी विषम संख्येत असतील तर एका बोलणाऱ्याला दोन ऐकणारे द्या. आणि बाकं हलवायला जागा नसेल तर दोन रांगा समोरासमोर तोंड करून बसवा आणि दर फेरीला एकच रांग एक जागा सरकवा, शेवटचा उठून पहिल्या जागी येतो.

तेच तेच परत करायला लावलं तर मुलं कंटाळतील अशी भीती बऱ्याच शिक्षकांना वाटते. माणूस नवा असेल किंवा वेळ कमी झाला असेल तर कंटाळा येत नाही. एकच टास्क नीट दोनदा-तीनदा करणं हे रोज नवीन गेम आणण्यापेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे, यावर मी ठाम आहे.

सूचना देताना

अर्ध्या अ‍ॅक्टिव्हिटी सूचनांमध्येच बुडतात. कागद आधी वाटले की सगळे कागद बघतात, तुमच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून सूचना आधी, कागद नंतर. बोलून सांगण्यापेक्षा एका विद्यार्थ्याला पुढे बोलवा आणि त्याच्याबरोबर अर्धा मिनिट करून दाखवा. आणि "समजलं का?" विचारू नका, याला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी "तुमचा कागद पार्टनरला दाखवायचा का?", "किती फरक शोधायचेत?", "संपलं की काय करायचं?" असं विचारा, दोन प्रश्नांत कळतं कोणाला समजलंय आणि कोणाला नाही.

बोर्डच्या एका कोपऱ्यात काही वाक्यं कायम लिहून ठेवा. "कॅन यू से दॅट अगेन?" "व्हॉट डू यू मीन?" "हाउ डू यू स्पेल इट?" "सॉरी, डिड यू से थर्टीन ऑर थर्टी?" ही वाक्यं साधी वाटतात पण मायकेल लाँग यांनी १९८० च्या दशकापासून जे सांगितलं ते हेच, समोरच्याचं कळलं नाही म्हणून थांबवणं, परत विचारणं, दुसऱ्या शब्दांत सांगणं, या देवाणघेवाणीतच शिकणं घडतं. नाही कळलं तर नुसती मान हलवून पुढे जायची सवय असते ना, ती मोडायला ही वाक्यं तोंडात बसलेली हवीत. सुरुवातीला प्रत्येकाने यातलं एक तरी वाक्य वापरलंच पाहिजे असा नियम केला तरी हरकत नाही.

मग प्रश्न येतो आपल्या भाषेचा. वर्ग सारखा स्वतःच्या भाषेत घसरत असेल तर बहुतेक वेळा टास्क त्यांच्या लेव्हलच्या वर गेलाय किंवा लागणारी भाषा आधी दिलेली नाही, म्हणून दंड वगैरे लावण्यापेक्षा टास्क सोपा करा. तयारीच्या मिनिटांत आपली भाषा वापरू द्यायला माझी काहीच हरकत नाही, कल्पना पटकन जमतात आणि मग इंग्लिशमध्ये सांगायला काहीतरी असतं. टास्क सुरू झाला की मात्र इंग्लिश.

चुका कधी दुरुस्त करायच्या

मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये कॅनडातल्या फ्रेंच इमर्शनच्या मुलांबद्दल लिहिलं, वर्षानुवर्षं शाळेतले विषय फ्रेंचमधून ऐकून त्यांना समजायला खूप छान लागलं होतं पण बोलण्यातलं आणि लिहिण्यातलं ग्रामर मात्र मागे राहिलं होतं. म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही, बोलावं लागतं, आणि बोलताना आपलं कुठे अडतं ते लक्षात यावं लागतं. त्यामुळे चुका दुरुस्त करूच नका असं मी म्हणणार नाही. प्रश्न वेळेचा आहे.

टास्क चालू असताना मध्ये पडू नका. वही घेऊन फिरा, कानावर येईल ते लिहा, चुकलेलंही आणि छान जमलेलंही. टास्क संपला की बोर्डवर सहा-सात वाक्यं लिहा, नावं न घेता, त्यातली दोन मुद्दाम बरोबर असलेली, आणि जोड्यांना शोधायला सांगा की कुठली चुकलीयेत आणि ती दुरुस्त कशी करायची. कोणाचीही मान खाली जात नाही आणि त्या चुकीतून सगळेच शिकतात. फक्त समोरच्याला अर्थच पोचत नसेल, काम अडलं असेल, तेव्हाच टास्कच्या मध्ये शब्द द्यायला जा.

ग्रामरच्या सरावाचा वेळ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे लगेच दुरुस्त करता येतं, पण कसं ते महत्त्वाचं. विद्यार्थी म्हणाला "ही गो टू ऑफिस येस्टर्डे", आपण सवयीने म्हणतो "येस, ही वेंट टू ऑफिस", आणि पुढे जातो. रॉय लिस्टर आणि लेला रांता यांनी १९९७ मध्ये वर्गांचा अभ्यास केला त्यात शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के याच प्रकारच्या होत्या, आणि विद्यार्थ्याने स्वतः सुधारून बोलण्याचं प्रमाण याच प्रकारात सगळ्यात कमी होतं. कारण सरळ आहे, त्याला वाटतं सरांनी किंवा मॅडमनी आपलं म्हणणं मान्य केलं. त्यापेक्षा "येस्टर्डे, ही…?" एवढं म्हणून थांबा, उरलेलं त्याला भरू द्या. स्वतः काढलेलं रूप जास्त लक्षात राहतं.

एकच बोलतो, बाकीचे ऐकतात

प्रत्येक गटात हे होतं. सगळ्यांना तीन-तीन टोकन द्या, बटण, खडू, कागदाचे तुकडे, काहीही. बोललं की एक टोकन मध्ये टाकायचं, स्वतःची संपली की इतरांची संपेपर्यंत बोलायचं नाही. एक-दोन तासांत सवय लागते, मग टोकन काढून टाका. दुसरा उपाय म्हणजे कामं वाटणं, एक जण वेळ बघतो, एक जण निर्णय लिहितो, एक जण "व्हाय?" विचारतो. पण खरं सांगायचं तर सगळ्यात पक्का उपाय परत गॅपचाच, गप्प बसणाऱ्याकडे अशी माहिती द्या जिच्याशिवाय गटाचं काम होणारच नाही. एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या शाळांत जिगसॉ पद्धत सुरू केली ती याच तत्त्वावर, धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक तुकडा, मग आधी त्याच तुकड्यावाल्यांनी एकत्र बसून तो नीट समजून घ्यायचा आणि नंतर आपापल्या गटात जाऊन इतरांना शिकवायचा. समजून घ्यायला आणि बोलायची तालीम करायला मधला टप्पा असतो म्हणून कमी बोलणारेही यात उभे राहतात.

अगदी नवशिक्यांसाठी

ज्यांना दोन वाक्यंही जमत नाहीत त्यांना टास्कमध्ये ढकलण्याआधी पुसत जाणारा संवाद करून बघा. बोर्डवर आठ ओळींचा छोटा संवाद लिहा, जोड्यांनी वाचायचा. मग चार-पाच शब्द पुसा, परत म्हणायचा. परत थोडे पुसा. शेवटी बोर्ड कोरा आणि संवाद तोंडपाठ, मग त्यातल्या दोन गोष्टी बदलून स्वतःचा करायला सांगा. यात गॅप नाहीये हे मला माहितीये, पण तोंडाला सवय लावायला आणि "मला इंग्लिश बोलता आलं" असं वाटायला हे फार कामी येतं.

"फाइंड समवन हू" पण याच लेव्हलला चालतं, कागदावरच्या यादीत बसणारी माणसं वर्गात विचारत फिरून शोधायची, सकाळी लवकर उठणारा शोधा, दोन भाषा येणारी शोधा, असं. पण त्यात एक भर घाला, "येस" मिळाल्यावर अजून एक प्रश्न विचारायचा आणि त्याचं उत्तर लिहायचं. नाहीतर सगळे यादीवर नुसत्या बरोबरच्या खुणा करत फिरतात.

रोल प्लेबद्दल थोडक्यात

कार्डावर फक्त "तू दुकानदार, तू गिऱ्हाईक" लिहू नका, प्रत्येकाला दुसऱ्याला माहीत नसलेला हेतू द्या. गिऱ्हाइकाला बिलाशिवाय वस्तू परत करायचीये, दुकानदाराला बिलाशिवाय पैसे परत द्यायला मनाई आहे पण वस्तू बदलून देता येते. आधी सगळी गिऱ्हाइकं एकत्र बसून तयारी करतात, सगळे दुकानदार एकत्र, मग जोड्या. एकदा झालं की पार्टनर बदलून परत.

ऑनलाइन किंवा एकाच विद्यार्थ्याला शिकवत असाल तर

ऑनलाइन वर्गात ब्रेकआउट रूममध्ये टाकण्याआधी 'अ' आणि 'ब' चे कागद प्रायव्हेट चॅटमध्ये पाठवा, आणि रूममधून परत येताना काय आणायचं ते ठरवून द्या, एक निर्णय, एक यादी, एक आकडा, काहीतरी. नुसतं "जाऊन बोला" म्हटलं की कॅमेरे बंद होतात. एकास एक शिकवताना पार्टनर तुम्हीच, म्हणून तुम्हाला खरंच माहीत नसलेलं काहीतरी हवं. विद्यार्थ्याला त्याच्या घरातल्या खोलीचं वर्णन करायला सांगा आणि तुम्ही काढा, मग कागद कॅमेऱ्यासमोर धरून कुठे चुकलं ते त्याला सांगू द्या.

आयेल्ट्सची (इंग्लिश किती येतं ते तपासणारी परीक्षा) तयारी करून घेणाऱ्यांना चार-तीन-दोन थेट उपयोगी पडतं. स्पीकिंगची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची, तीन भागांची, त्यातल्या दुसऱ्या भागात कार्डावर एक विषय मिळतो, एक मिनिट तयारी आणि मग १ ते २ मिनिटं सलग बोलायचं असतं. फ्लुएन्सी आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, ग्रामर, उच्चार, या चारही गोष्टींना मार्क देताना सारखंच वजन. पाठ केलेली उत्तरं देऊ नका, परीक्षकाच्या ती लक्षात येतात, त्याऐवजी त्याच कार्डावर तीन वेगळ्या लोकांशी बोलू द्या.

प्रगती बघायची कशी

मोबाइलवर रेकॉर्ड करा. टर्मच्या सुरुवातीला प्रत्येकाचं दोन मिनिटांचं बोलणं, फाइल विद्यार्थ्याच्याच फोनमध्ये राहू द्या. काही आठवड्यांनी परत. ऐकताना चुकांची मोजणी करत बसू नका, आधी थांबण्याच्या जागा ऐका. नवखा बोलणारा वाक्याच्या मध्येच अडकतो, "आय वेंट टू द… अं… द…", सरावलेला थांबतो ते एक वाक्य संपल्यावर, पुढचं काय ते ठरवायला. थांबण्याची जागा मधून शेवटाकडे सरकली असेल तर सुधारणा झालीये, ग्रामरच्या चुका तेवढ्याच असल्या तरी. मग वाक्यांची लांबी बघा, "बिकॉज", "बट", "व्हेन" जोडून वाक्यं पुढे जातायत का ते बघा. आणि दुसऱ्या रेकॉर्डिंगला विषय, चित्र आणि वेळ सगळं पहिल्यासारखंच ठेवा, नाहीतर फरक विद्यार्थ्यात पडलाय की टास्कमध्ये ते कळणार नाही. दोन्ही फाइल आधी त्यालाच ऐकू द्या, काय बदललं ते त्याने इंग्लिशमध्ये पार्टनरला सांगायचं, तुमचं म्हणणं त्यानंतर.